पास झालेलं ताक

शिरूर अनंतपाळ
गुरुवार, ३ एप्रिल

सगळ्यात आधी आली ती बेगमबी. पदर खांद्यावर, पायात चप्पल नाही आणि हातात झाकण ठेवलेला तांब्या. दारातूनच म्हणाली, "पोरगी उतरली म्हणं सकाळच्या गाडीनं." मी म्हणलं, तुला कसं कळलं, तिनं अजून तोंडसुद्धा धुतलं नाही. तर म्हणते, "माझा जिलानी स्टँडवर चहा विकतो का खबरा विकतो, मलाच कळंना. तू आधी हिला माझं पाणी बघायला सांग."

तिच्या मागं पिठाच्या गिरणीवाल्याची बायको आली बाटली घेऊन. तिच्या मागं वरच्या गल्लीतल्या सासू-सुना. घर एक, बोअर एक, पण दोघींच्या हातात दोन तांबे, कारण एकीचा दुसरीवर भरवसा नाही.

रवी, जय भीम. वर लिहायचं राहून गेलं, इथं लिहिते. पत्र बघून घाबरू नको, सगळे बरे आहेत, म्हैससुद्धा. फोनवर मी धम्माचं नाव काढलं की तू "रेंज नाही माय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला रेंज लागत नाही. साक्षरतेच्या वर्गात गुरुजींनी मला लिहायला शिकवलं ते काय निस्त्या सहीसाठी? हे पत्र धपाट्याच्या फडक्यात ठेवून राहिले. आधी धपाटे खा, मग वाच. उपाशी माणूस लवकर चिडतो, तू तर जेवल्यावरही चिडतोस.

तर तुझी लेक ब्रेकवर आली. सरकारनं तिला नांदेडच्या पाणी तपासायच्या हापिसात ठेवलं, पण कंत्राटावर. अकरा महिने झाले की हुकूम संपतो. मग थोडे दिवस घरी बस म्हणतात आणि पुन्हा नवा हुकूम देतात, म्हणजे मी इथली कायमची असं लेकराला म्हणता येऊ नये. तू म्हणतोस तो नियम आहे. ती म्हणते ही थट्टा आहे. मला विचारशील तर सरकार दरसाल माझ्या नातीला माहेरी धाडतं. कायमच्या बायकांना कुठं मिळते एवढी सुट्टी? तू तिला कायम हो, कायम हो म्हणतोस, मीही तुझ्यासमोर हाव म्हणते, पण ती कायम झाली तर माझ्याकडं येणार कधी, हे तू कधी बोलला नाहीस.

ब्रेकला आली की ती ओट्यावर बसते. तिच्याजवळ एक लहान पेटी असते, त्यात काचेच्या नळ्या. कुणाचं पाणी घेतलं, त्यात दोन थेंब टाकले, की रंग बदलतो. मग ती सांगते, मावशी, हे प्यायला चांगलं. काकू, हे कपड्याला वापरा, लेकराला देऊ नका. बायका तिच्या तोंडाकडं असं बघतात जसं काही निकाल लागायचा आहे. बेगमबीचं पाणी दरसाल चांगलं निघतं, तरी ती दरसाल पहिली येते. चांगलं म्हणलेलं ऐकायला येते, दुसरं काय.

यंदा मात्र लेकरू हसतंय कमी. मला सांगत होती. पाणी ती तपासते आणि सही किशनराव करतात, कारण ते कायमचे. खुर्च्या कायमच्यांच्या, हिला बसायला स्टूल. पगार येतो तेव्हा येतो. लातूरच्या एका तेलाच्या गिरणीनं तिला बोलावलं आहे, तेल तपासायला. खुर्ची देतात म्हणे, चाकाची. नवा हुकूम नांदेडला टेबलावर पडून आहे आणि तिनं अजून सही केली नाही.

हे तुला माहीत आहे, यावरूनच तुमची तकरार. तू म्हणालास, सरकारी नोकरी सोडायची तर या घरात पाय ठेवू नको. म्हणून ती लातूरला तुझ्याकडं न येता माझ्याकडं आली, माझा फायदाच झाला. तू रोजंदारीवर हापिसात फरशा पुसल्या, गप राहिलास, शेवटी शिपाई म्हणून कायम झालास. तुला वाटतं तेवढा एकच रस्ता आहे. असेल. पण तू स्टुलावर बसायला तयार होतास, तुझी लेक नाही, आणि तिला शिकवलंस तूच.

डब्यात धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे आणि पांढऱ्या बाटलीत ताक. बाटली धम्मानं मागच्या ब्रेकला कोरी आणली होती. झाकण असं घट्ट की थेंब सांडत नाही. अशीच एक बाटली आज नांदेडच्या गाडीनंही चालली आहे. ती खऱ्या पाण्याची. कंधारकडच्या एका वस्तीवर हातपंपाचं पाणी तोंडाला कसं तरी लागतंय म्हणून धम्मानं शेवटच्या दिवशी जाऊन भरून घेतलं, परतेपर्यंत हापिस बंद आणि हिचा हुकूमही संपलेला, म्हणून ती बाटली घरी घेऊन आली. धुळीनं माखली होती. मी दोन्ही बाटल्या बाहेरून स्वच्छ धुतल्या. पाण्याच्या बाटलीवरची वस्तीच्या नावाची चिठ्ठी भिजून निघाली, ती मी कणकेनं परत चिकटवली, आता फाटेल पण निघायची नाही. जिलानी एक पिशवी लातूरच्या गाडीत देईल, एक नांदेडच्या.

पंचशीलाला सांग, सासूनं विचारलं आहे. डबा परत धाड. मागचा अजून आला नाही.

तुझी माय, सोजरबाई

*

शिरूर अनंतपाळ
रविवार, ६ एप्रिल

रवी, जय भीम, यावेळी आधी लिहिलं.

फोनवर मी तुला म्हणलं की उन्हाळा आहे म्हणून ताक पातळ केलं. ते खोटं होतं. धम्मा समोर बसून शेंगा फोडून राहिली होती, तिच्यादेखत दुसरं काय बोलू. तू म्हणालास, "माय, ह्यात ताक कुठंय, नितळ पाणीच हाय," तेव्हाच मी ओळखलं. कणीक चिकटवताना मला एकदाही वाटलं नाही की दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. चिठ्ठी ताकावर लागली.

तर ऐक, म्हणून हे पत्र आजच्याच गाडीनं धाडते. ते पाणी पिऊ नको. पंचशीलालाही देऊ नको, झाडालाही घालू नको. झाकण घट्ट लावून मांडणीवर वर ठेव. ते कंधारकडच्या वस्तीचं पाणी आहे. आणि माझं ताक गेलं नांदेडच्या हापिसात तपासायला.

मी धम्माला अजून सांगितलं नाही. सांगीन. माझा विचार असा की हापिसातले बाटली उघडतील, वास घेतील, हसतील आणि परत धाडतील. मग मी तिला सांगीन आणि आपण सगळे हसू. बेगमबीला मात्र सांगितलं, तिच्यापासून काही लपवलं की माझ्या पोटात दुखतं. ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिची नात नाजिया पाणी घेऊन धावत आली. म्हणते, "अगे सोजर, तुझं ताक सरकारी नोकरीला लागलं." मी म्हणलं, लागलं तर कंत्राटावरच लागलं असंल.

तू फोन करून विचारलंस की ताक असं का, पण पोरगी कशी आहे ते विचारलं नाहीस. मी तरी सांगते. बरी आहे. काल म्हशीला पाणी पाजायच्या आधी तेही तपासून बघितलं. लातूरच्या गिरणीवाल्यांनी तिला बुधवारपर्यंत सांग म्हणलं आहे, आणि नांदेडहून नव्या मॅडमचा फोन आला होता की हुकुमावर सही कधी. उमैमा मॅडम म्हणून आहेत, वयानं लहानच, आत्ताच बदलून आल्या. धम्मा दोघांनाही बघते म्हणाली. दिवसभर तिचं तेच चालू आहे. शेंगा फोडता फोडता एकदम म्हणते, "आज्जी, जाऊ का गिरणीत?" मी म्हणते, जा. थोड्या वेळानं म्हणते, "पण तेलच बघायचं जन्मभर?" मी म्हणते, नको जाऊ. मग माझ्यावरच चिडते की तुझं एक काही नाही. माझं कशाला एक असावं, नोकरी काय मला करायची आहे?

तुझ्या डब्याची वाट बघून राहिले.

माय

*

शिरूर अनंतपाळ
बुधवार, ९ एप्रिल

रवी, तू स्वतः तिथं होतास, तरी मी सगळं लिहिणार. तुला वाचायचं नसेल तर पंचशीलाला वाचू दे. मला लिहायची गोडी लागली आहे.

सोमवारी सकाळी धम्माच्या फोनवर त्या वस्तीचे ज्ञानोबा बोलले. मी शेजारीच होते. म्हातारा मोठ्यानं बोलतो, सगळं ऐकू आलं. "ताई, आपलं पाणी पास झालं म्हणून हापिसातून कळवलंय. पिण्यास योग्य. मग आता लेकरांना देऊ ना?" धम्मा म्हणाली, एवढ्या लवकर कसं काय? आणि मग मी चुलीपुढून उठले आणि सगळं सांगितलं. कणीक, चिठ्ठी, तुझा फोन, सगळं.

आधी ती हसली. पोट धरून हसली, ओट्यावर आडवी झाली. "आज्जी, किशनरावांनी तुझं ताक पास केलं. झाकण न काढता." मीही हसले. मी तर म्हणलं, त्यात वाईट काय, माझं ताक आहेच पिण्यास योग्य. मग ती एकदम उठून बसली आणि ज्ञानोबांना फोन लावला. म्हणाली, "बाबा, ते पाणी देऊ नका कुणालाच. विहिरीचंच आणा. मी सांगेपर्यंत थांबा." म्हातारा म्हणाला, "पण कागद आलाय ना, ताई." ती म्हणाली, "कागद चुकलाय, मी सांगते."

तेव्हा मला कळलं की हे हसण्यावारी न्यायचं नाही. वस्तीवर लेकरं आहेत.

मग तिनं खरी बाटली कुठं आहे विचारलं. मी म्हणलं, तुझ्या बापाच्या मांडणीवर. ती पदराशी, म्हणजे ओढणीशी, लई वेळ चाळा करत बसली. आणि मग तुला फोन लावून अंगणात गेली. काय बोललात ते मी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्न केला पण म्हैस ओरडत होती. आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "पप्पा रजा टाकून बाटली घेऊन नांदेडला येतायत. मी इथून निघते." मी तिला धपाटे बांधून दिले. तुझ्यासाठीही दिले, ते तुला मिळाले का हेही कळव.

आता तिथलं. तिनं सांगितलं तसं लिहिते. तू आधी पोचलास. मांडीवर पिशवी घेऊन बाकड्यावर बसलास. किशनरावांनी वर न बघता म्हणलं, "ठेवा तिथं, आठ दिवसांनी या." धम्मा म्हणाली, ते ऐकून पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हणलं, का गं, तर म्हणते, पप्पा त्यांच्या हापिसात लोकांना हेच वाक्य म्हणतात ना. मी काही म्हणत नाही, तीच म्हणाली.

मग ती आत गेली. रॅकवर माझं ताक होतं, त्यावर नंबर पडलेला आणि हिरवी खूण. किशनराव म्हणाले, "तुम्ही ब्रेकवर आहात, आत येता येत नाही." ती म्हणाली, "म्हणूनच आले. आज मी तुमच्या हापिसातली कुणी नाही, मला तुम्ही काय करणार?" आणि मॅडमना बोलावलं आणि सगळ्यांसमोर बाटलीचं झाकण फिरवलं. उन्हात ते ताक आंबून आंबून फुगलेलं. झाकण उडालं ते छताला लागलं म्हणे, आणि ताक किशनरावांच्या शर्टावर. सगळं हापिस नाक धरून उभं. उमैमा मॅडमनं बोट लावून वास घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?" तेव्हा तू म्हणालास, "माझ्या मायचं ताक हाय, मॅडम. पाणी माझ्याकडं हाय." लेकरा, एवढं मोठं वाक्य तू परक्या हापिसात बोललास हे ऐकून मी पदर डोळ्याला लावला.

मॅडमनं तिथंच तुझ्या बाटलीतलं पाणी तपासायला सांगितलं, धम्मानंच तपासलं, हुकूम नसताना. त्यात फ्लोराइड लई निघालं. त्यानं लेकरांचे दात खराब होतात, हाडं दुखतात म्हणे. मॅडमनं तोवर हिच्या ब्रेकमधल्या सगळ्या बाटल्या पुन्हा तपासायच्या म्हणून बाजूला काढल्या. वस्तीवरचा हातपंप काल लाल रंगवला, म्हणजे कुणी ते पाणी पिऊ नये. ज्ञानोबांचा फोन आला होता.

इथवर सगळं चांगलं झालं. मग तुम्ही दोघं बसस्टँडवर आलात आणि जिथं मी नव्हते तिथं नवी तकरार केलीत. आणि कसली केलीत. तू म्हणालास, "सोड ही नोकरी. अशा ठिकाणी माझी लेक राहायची न्हाई. उद्याच तेलाच्या गिरणीत जा." आणि जी पोरगी इतके दिवस सोडते सोडते म्हणत होती ती म्हणाली, "आता न्हाई सोडत." तू लातूरच्या गाडीत बसलास, ती इकडच्या. पुन्हा अबोला. बेगमबी म्हणते, "बाप-लेक दोघं एका टायमाला एका बाजूला उभं राहिले तर आभाळ पडंल का?"

मी तिला म्हणलं, पोरी, खरं सांग, का नाही सोडत, बापाला उलटं बोलायचं म्हणून? ती म्हणाली, "न्हाई आज्जी. अकरा महिने मी भिऊन काम केलं, हुकूम मिळंल का न्हाई म्हणून. परवा मला भीती नव्हती. मला बघायचंय की तसंच आत राहून जमतं का." मग म्हणाली, "पण निस्ती सही करून न्हाई जाणार." पुढं काय ते सांगितलं नाही. गिरणीवाल्यांना आज सांगायचं होतं, त्यांच्याकडून तिनं शनिवारपर्यंत वेळ मागून घेतला.

तुला मी चूक म्हणत नाही. तिच्यासाठी तू आधी म्हणालास राहा, आता म्हणालास सोड. दोन्ही वेळा तुझ्या पोटात मायाच होती, निस्ती तोंडातून बाहेर येताना वेगळी होऊन येते.

माय

*

शिरूर अनंतपाळ
शनिवार, १२ एप्रिल

रवी, बस. बसलास ना? आता वाच.

आज दुपारी घरापुढं जीप थांबली. मी म्हशीला वैरण टाकून राहिले होते, हात शेणाचे. आधी उतरले ते किशनराव, शर्ट नवा. मागून उमैमा मॅडम. मॅडमनं वाकून नमस्कार केला. किशनरावांनी म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ओळख पटल्यासारखे हसले.

मी त्यांना ओट्यावर बसवलं. धम्मा बाजारातून यायची होती. तेवढ्यात जिलानीनं स्टँडवरून काय खबर सोडली देव जाणे, पण पाण्याचे साहेब आले म्हणून सगळी गल्ली तांबे घेऊन हजर. बेगमबी पहिली. तिनं तांब्या किशनरावांच्या हातातच दिला. "साहेब, बघा जरा." ते तांब्यात बघून राहिले. गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "असं निस्तं बघून कळतं का?" किशनराव म्हणाले, "मॅडम सांगतील." मॅडम म्हणाल्या, "धम्मप्रिया आली की सांगंल." अशी सगळी ओळीनं बसली, वरच्या गल्लीतल्या सासू-सुना दोन टोकाला.

मी ताक आणलं. घरी आलेल्याला ताक देणार नाही असं कसं. मॅडमनं पेला घेतला आणि पिऊन टाकला. किशनरावांनी हातात धरला आणि तसाच धरून बसले. मी म्हणलं, "घ्या साहेब, तुमचं पास झालेलंच हाय." बेगमबीनं तोंडावर पदर घेतला. मॅडम दुसरीकडं बघायला लागल्या. पण रवी, माणूस वाईट नाही. तो लाजला, मग हसला, मग प्याला, आणि पेला पुढं केला की अजून असेल तर द्या. म्हणाला, "आजी, इतकी वर्षं झाली, पाणी बहुतेक चांगलंच निघतं. मग हात सवयीनं चालतो." मी म्हणलं, साहेब, माझाही सवयीनंच चालला, म्हणून तर चिठ्ठी ताकावर लागली. त्या घडीला आमचं दोघांचं जमलं.

मग धम्मा आली. पिशवीत भाजी, घामानं भिजलेली. मॅडम सरळ म्हणाल्या, तुमच्याशिवाय बाटल्या साठून राहिल्यात, सही करा, सोमवारी जयंतीची सुट्टी आहे, मंगळवारपासून या. किशनराव म्हणाले, "हाव, या ताई. झालं गेलं सोडून द्या."

धम्मा भाजी ठेवून आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "येते. पण एक आहे. माझा ब्रेक असतो तेव्हा एकही बाटली पास व्हायची न्हाई. रॅकला कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्याजवळ राहील. हुकुमात तसं लिहून द्या."

किशनराव म्हणाले, "मग ब्रेकमध्ये काम थांबंल की."

"थांबू द्या. म्हणजे वर कळंल की ब्रेक कुणाला पडतो."

सगळ्या बायका मॅडमकडं बघायला लागल्या. म्हैससुद्धा. मॅडम विचार करून राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील, आणि मग गिरणी आणि मग तू खूश. पण त्या म्हणाल्या, "कायम मी करू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. हे आहे." आणि किशनरावांपुढं हात केला. किशनराव म्हणाले, "आत्ता?" मॅडम म्हणाल्या, "आत्ता." त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याची कडी इतकी घट्ट की नखानं निघंना, दातानं निघंना. शेवटी बेगमबीनं केसातली पिन काढून दिली. किल्ली निघाली ती मॅडमनं ताकाच्या ताटात ठेवली, पेल्यांच्या मधोमध.

धम्मानं ती उचलली नाही लगेच. आधी फोन काढून गिरणीवाल्यांना लावला, सगळ्यांसमोर. म्हणाली, "साहेब, आभारी हाय. मी येत न्हाई. माझं नांदेडचं नक्की झालं." मग किल्ली उचलली. मला वाटलं होतं ती कायम झाली तर मी रडीन, आणि नाही झाली तर तू. पण ती कायम झाली नाही आणि आपल्यापैकी कुणाला रडायची गरज उरली नाही. पुढच्या ब्रेकला येईल तेव्हा नांदेडच्या हापिसाची किल्ली घेऊन येईल. आत्ता ती माझ्या हळदीच्या डब्यात आहे. बेगमबी दोनदा येऊन बघून गेली.

मग तिनं सगळ्यांचं पाणी तपासलं, मॅडम आणि किशनराव शेजारी बसून. बेगमबीचं चांगलं निघालं. सुनेचं आणि सासूचं सारखंच निघालं, दोघीही नाराज झाल्या.

रवी, आता माझं ऐक. तुझं म्हणणं सोड असं आहे, तिचं राहते असं आहे. ती राहणार, हे ठरलं. तुला अजून काही म्हणायचं असेल तर तोंडावर येऊन म्हण, फोनवर नको आणि बसस्टँडवर तर नकोच. उद्या संध्याकाळच्या गाडीनं पंचशीलाला घेऊन ये. सोमवारी जयंती आहे, पांढरी साडी धुऊन ठेवली आहे, मिरवणुकीत मी पुढं चालणार आणि तू माझा हात धरणार, तिनं दुसरा धरला तर मी काही बोलायची नाही. काल तिनं आपणहून मला विचारलं की पप्पांना धपाटे मिळाले का. हे तुला सांगू नको म्हणाली. मी सांगत नाही, लिहिते.

दोन्ही डबे घेऊन ये. परवा लागतील, घरात माणसं लई होणार. नव्या हुकुमात मॅडम ती किल्लीची ओळ लिहून आणणार आहेत, ती आधी तूच वाच, हापिसातली भाषा तुला कळते. मॅडमनं जाताना ताक कसं घुसळते ते विचारलं. आणि किशनरावांनी जीपमध्ये बसल्यावर काच खाली करून सांगितलं, आम्ही मंगळवारी, पंधरा तारखेला येतो, ताईंना आणि त्यांच्या किल्लीला न्यायला, आणि जेवूनच जातो.